चार पिक्सेलांची नागली

मोखाड्यातल्या एका घराच्या ओट्यावर बसून आजीने मला समोरच्या उतारावरचं तिचं वरकस दाखवलं. अर्धा एकर. वनहक्काचा दावा नामंजूर झालेला. कारण, उपग्रहाच्या चित्रात शेती दिसत नाही. कुठलं चित्र, ते कागदावर नव्हतं. मी नकाशांचं सॉफ्टवेअर लिहितो. घरी येऊन आधी हिशेब केला.

देशाचं वनाच्छादन त्या काळात ज्या लिस-३ कॅमेऱ्याच्या चित्रांवरून मोजलं जाई, त्याचा एक पिक्सेल म्हणजे जमिनीवरचा २३.५ मीटरचा चौकोन. आजीची शेती जेमतेम चार पिक्सेल! त्यातही कडेच्या पिक्सेलांत शेजारची झाडं मिसळलेली.

शिवाय वरकसाची रीतच वेगळी. एका वर्षी नागली, मग वरई, मग खुरासणी, नंतर जमिनीला विश्रांती. विश्रांतीच्या वर्षी वरून झुडपंच दिसणार. पीक उभं असतं पावसाळ्यात, तेव्हा कॅमेऱ्याला ढग दिसतात. आणि कायद्याने ठरवलेली तारीख १३ डिसेंबर २००५. तोवर कापणी उरकलेली असते.

पुराव्याचा हा वाद या पट्ट्याला नवा नाही. १९७८ मध्ये राज्य सरकारने वनजमिनीवरची जुनी अतिक्रमणं नियमित करायचं ठरवलं, पण कसणाऱ्यांकडे कागद कुठून असणार? डहाणू-जव्हार भागात काम करणाऱ्या कष्टकरी संघटनेचे प्रदीप प्रभू सर्वोच्च न्यायालयात गेले. १९९५ मध्ये त्या याचिकेवर आदेश आला. पुढे २००६च्या वनहक्क कायद्याच्या नियमांत उपग्रहचित्रांसोबत वडीलधाऱ्यांचे जबाब, बांध, विहिरी, दफनभूमी हेही पुरावे ठरले. २०१२च्या दुरुस्तीने स्पष्ट केलं, की उपग्रहचित्र इतर पुराव्यांना जोड आहे, पर्याय नाही. २०१३ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने तिथले नाकारलेले दावे पुन्हा तपासायला लावले. तरी फेब्रुवारी २०१९ मध्ये दावे फेटाळलेल्यांना हटवण्याचा आदेश देताना सर्वोच्च न्यायालयाने उपग्रह सर्वेक्षणही मागवलं. पंधरवड्यात त्या आदेशाला स्थगिती मिळाली.

म्हणजे कायद्याने चित्राची जागा ठरवली. पण चित्र किती वेळा चुकतं? हे शोधायला शंभरेक माहितीतली वरकसं घ्यायची, त्यांची जुनी चित्रं काढायची, म्हाताऱ्यांच्या सांगण्याशी ताडून पाहायची. रॉकेट लागत नाही. दोन वर्षांचे पगार, प्रवास आणि चित्रांचे पैसे लागतात.

ते द्यायचे कुणी? विज्ञानाचं अनुदान मागावं तर विषय कायद्याचा, समाजशास्त्राचं मागावं तर तांत्रिक. अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनने 'लॉ अँड सायन्स' नावाचा वेगळा कार्यक्रमच काढला. आपल्याकडे २०२३च्या अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनच्या कायद्यात विज्ञान आणि समाजशास्त्रं जिथे भेटतात, तिथल्या संशोधनाचाही उल्लेख आहे. दार आहे. त्या दारावर वरकसाचा प्रश्न घेऊन कुणीतरी जायला हवं.

निघताना आजीने विचारलं होतं, "बाबा, सासऱ्यांनी घातलेला बांध दिसतो का रे तुझ्या मोबाइलात?"

मी झूम केलं. हिरवट-करडे चौकोन मोठे होत गेले. बांध माझ्या डोळ्यांसमोर, पन्नास पावलांवर होता.