बेंबीवरची रेघ

आपाच्या डाव्या हातात बांगडी चढत नसे. १९८९ साली तिच्या स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, तेव्हा काखेतल्या लसिकाग्रंथीही काढल्या होत्या. कॅन्सर गेला, हात मात्र सुजत गेला. ईदला ती उजव्या हातात डझनभर बांगड्या भरायची आणि डावा पदराखाली ठेवायची. मला विचारायची, "शेजारच्या खाटेवरच्या बाईचंही हेच ऑपरेशन झालं. तिचा हात कसा नाही सुजला?"

मी बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. उत्तर शोधत निघालो आणि पोचलो थेट १६२२ सालच्या इटलीत.

त्या वर्षी २३ जुलैला गास्पारे आसेल्ली यांनी एका जिवंत कुत्र्याचं पोट उघडलं. (त्या काळी हे चालायचं, वाचताना अंगावर काटा येतो.) आतड्याच्या पडद्यावर पांढरे दोरे दिसले. मज्जातंतू समजून त्यांनी एक कापला, तर दुधासारखा द्रव बाहेर आला. पुढे उपाशी कुत्र्यात हे दोरे दिसेनात. पहिला कुत्रा नुकताच जेवलेला होता! अन्नातली चरबी वाहून नेताना या लसिकावाहिन्या पांढऱ्या होतात; एरवी आतली लसिका जवळजवळ पाण्यासारखी. आजही अन्ननलिकेच्या ऑपरेशनआधी काही सर्जन रुग्णाला मलई देतात. छातीतली मुख्य वाहिनी कुणात दुहेरी असते, कुणात उजवीकडे वळते. ती चुकून कापली जाऊ नये, म्हणून आधी पांढरी करून पाहायची.

न दिसणाऱ्या वाटांचा नकाशा काढायचा कसा? सिएनाच्या पाओलो मास्कान्यी यांनी मृतदेहांच्या लसिकावाहिन्यांत पारा भरला आणि १७८७ साली चित्रांचा भव्य ग्रंथ काढला. तीच युक्ती वापरून पॅरिसच्या सापे यांनी १८७४ साली आपला नकाशा छापला. त्यांच्या नावानं अंगावरच्या दोन रेघा प्रसिद्ध झाल्या: एक उभी, मधोमध; दुसरी आडवी, बेंबीच्या पातळीला. धडाच्या वरच्या त्वचेची लसिका त्या त्या बाजूच्या काखेत, खालची जांघेत. शाळेच्या भिंतीवरच्या नकाशासारखं सुटसुटीत.

शंभर वर्षं सर्जन त्यावर विसंबले. पाठीवर मेलानोमा, म्हणजे त्वचेचा कॅन्सर, असला की रेघ सांगेल तिथल्या ग्रंथी काढायच्या. पुढे किरणोत्सर्गी द्रव्य टोचून कॅमेऱ्यानं माग काढता येऊ लागला आणि रेघा मोडल्या. डावीकडची लसिका कुणात उजव्या काखेत जाते, कुणात मानेत. कधी एकाच जागेवरून दोन-तीन वाटा फुटतात. भलत्याच ग्रंथी काढलेले किती रुग्ण असतील!

अमेरिकेतल्या डोनाल्ड मॉर्टन यांनी १९९२ साली मेलानोमासाठी पद्धत मांडली, ती रुग्णाच्या शरीरालाच विचारण्याची. रोगाजवळ निळा रंग टोचायचा. तो आधी ज्या ग्रंथीत पोचेल ती पहारेकरी. ती काढून तपासायची. १९९४ साली स्तनाच्या कॅन्सरमध्येही हा प्रयोग झाला. आपाचं ऑपरेशन त्याआधीचं. तिच्या डॉक्टरांनी त्या वेळच्या ज्ञानानुसार योग्य तेच केलं होतं.

तिच्या प्रश्नाचं उत्तर त्या पाऱ्याच्या चित्रांतच होतं. दंडाच्या बाहेरच्या अंगानं, काखेला वळसा घालून गळ्याच्या हाडाकडे जाणारी एक वाट आज मास्कान्यी आणि सापे यांच्या नावानं ओळखली जाते. ती सगळ्यांत सारखी नसते. जिच्यात ती मोठी, तिचा हात वाचत असावा, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. आपाला हे सांगितलं, तर म्हणाली, "म्हणजे माझ्यात गल्लीच नव्हती!"

२०१६ साली तिच्या मुलीवर तीच वेळ आली. निळा रंग टोचला, दोनच ग्रंथी काढल्या. दुसऱ्या दिवशी हिरवी लघवी पाहून पोरगी घाबरली, नर्स हसली. त्या ईदला आपानं लेकीला बांगड्या भरल्या, आधी ऑपरेशनच्या बाजूच्या हातात.