पाठीला पाठ लावलेली तुळई

कोल्हापुरात उद्यमनगरातल्या एका फॅब्रिकेशनच्या शेडसमोर मी नेहमी रेंगाळतो. 2 मिलिमीटरचा पत्रा ब्रेक प्रेसखाली सरकतो, पंच खाली येतो आणि न भट्टी, न ठिणगी, त्याला काटकोन पडतो. चार घड्या झाल्या की सी-चॅनल तयार: मधे 100 मिलिमीटरचं वेब, वर-खाली 50 चे फ्लँज आणि त्यांच्या टोकाला आत वळलेली 15 ची लिप. हाच पत्रा सपाट धरला तर स्वतःच्या वजनानंच लोंबतो. घडी घातल्यावर त्याचा वाकण्याविरुद्धचा ताठपणा चार हजार पटींहून जास्त वाढतो. लोखंड तेवढंच!

पत्र्याच्या ट्रंका करणाऱ्यांना कड वळवायची हे कधीपासूनच ठाऊक होतं. हिशेब मात्र आला तो विमानांमुळे. दाबाखाली पातळ पत्र्यावर लाटा उठतात, पण तो लगेच कोसळत नाही. मधला भाग भार सोडून देतो आणि कडेच्या पट्ट्या तो उचलतात. 1932 मध्ये थिओडोर फॉन कार्मान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे सूत्रात बसवलं. पुढे 1939 पासून अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात जॉर्ज विंटर यांनी चाचण्यांमागून चाचण्या घेऊन ते इमारतींच्या कामी आणलं. त्या कामावर उभी राहिलेली तिथली पहिली संहिता 1946 ची. आपली आयएस 801 आली 1958 मध्ये, सुधारली 1975 मध्ये.

एकट्या सी-चॅनलची खोड अशी, की भार आला की ते वाकता वाकता पिळतंही. ज्या रेषेतून भार गेला तर पीळ पडणार नाही, ती रेषा त्याच्या वेबबाहेर, पाठीमागच्या हवेत असते. म्हणून दोन चॅनल पाठीला पाठ लावून इंग्रजी ‘आय’ (I) आकाराची तुळई करतात. एकाचा पीळ दुसरं अडवतं. कागदावर ताकद फक्त दुप्पट दिसते. खरी कमाई ही, की एकट्याला पिळामुळे कधीच गाठता न येणारी स्वतःची ताकद आता दोघांनाही गाठता येते.

पण ती जोडली असतील तरच. आयएस 801 सांगते, की अशा तुळईत जोडांमधलं अंतर गाळ्याच्या सहाव्या हिश्शापेक्षा जास्त नको. 6 मीटरचा गाळा, तर मीटरमीटरवर जोड. गेल्या पावसाळ्याआधी एका गच्चीवरच्या शेडला मी तेवढ्याच गाळ्याची तुळई पाहिली, टाके फक्त दोन टोकांना आणि मधोमध. दोन वेबांच्या फटीत वरच्या बाजूनं माझं नख सहज गेलं, आणि जीव घाबरा झाला. या पत्र्याखाली माणसं झोपणार होती.

मिस्त्रींना दाखवलं. त्यांनी फटीवरून बोट फिरवलं, पोराला हाक मारली आणि खडू मागवला. पत्र्यावरचं जस्त जळू नये म्हणून वेल्डिंग नको, बोल्टच मारू म्हणाले. मीटरमीटरवर, वेबच्या वरच्या कडेला एक आणि खालच्या कडेला एक.