लहानपणापासूनची पाण्याची भीती: कारणे, लक्षणे आणि उपाय

उन्हाळ्याची सुट्टी लागली की मुलांच्या पोहण्याच्या क्लाससाठी फिटनेस सर्टिफिकेट घ्यायला पालक दवाखान्यात येतात. मुलाची तपासणी झाल्यावर एखादी आई किंवा वडील हळूच म्हणतात, "डॉक्टर, मला मात्र गुडघाभर पाण्यातही उतरवत नाही. आता या वयात ही भीती जाईल का?" याचे उत्तर आहे, हो, जाते. मात्र त्यासाठी योग्य पद्धत आणि चिकाटी लागते.

भीती का बसते?

पाण्यात बुडण्याचा धोका खरा असतो, त्यामुळे थोडी भीती असणे नैसर्गिक आणि उपयोगाचेच आहे. पण भीती प्रमाणाबाहेर असेल, सहा महिने किंवा त्याहून जास्त काळ टिकली असेल आणि तिच्यामुळे रोजच्या जगण्यात अडथळा येत असेल, तर तिला फोबिया म्हणतात. पाण्याची भीती बहुतेकदा लहानपणीच सुरू होते. तिची नेहमीची कारणे अशी:

- पाण्यात गटांगळी खाणे, नाकातोंडात पाणी जाणे
- कोणाला बुडताना पाहणे किंवा तशी घटना ऐकणे
- घरातील मोठ्या माणसांना पाण्याची भीती वाटत असणे
- शिकवण्याच्या नावाखाली जबरदस्तीने पाण्यात ढकलले जाणे

शेवटचे कारण मी स्वतः अनुभवले आहे. नऊ वर्षांचा असताना गावच्या विहिरीवर पाठीला डबा बांधून मला ढकलण्यात आले. ढकलणाऱ्याचा हेतू चांगला होता आणि बरोबरची दोन मुले त्याच पद्धतीने पोहायला शिकलीही. मी मात्र त्यानंतर तीस वर्षे पाण्यापासून लांब राहिलो.

भीती टिकून का राहते?

पाणी टाळले की लगेच बरे वाटते. या सुटकेतून मेंदू शिकतो, ‘टाळले म्हणून वाचलो.’ पाण्यात सुरक्षित राहण्याचा नवा अनुभव मिळतच नाही आणि भीती वर्षानुवर्षे तशीच राहते. म्हणून ‘वय वाढले की आपोआप जाईल’ असे म्हणून थांबू नये.

लक्षणे

पाण्याजवळ जाताच छातीत धडधडणे, श्वास अपुरा वाटणे, हातपाय थरथरणे, घाम फुटणे, मळमळणे, चक्कर आल्यासारखे वाटणे. लहान मुले रडतात, पालकांना घट्ट चिकटतात किंवा एकदम गप्प होतात.

महत्त्वाचे: कुत्रा किंवा इतर प्राणी चावल्यानंतर काही दिवसांनी किंवा महिन्यांनी पाणी पिताना घशात आचके येऊ लागले आणि पाण्याची भीती वाटू लागली, तर ते रेबीजचे लक्षण असू शकते. तो वेगळा आजार आहे. रुग्णाला ताबडतोब रुग्णालयात न्यावे. लक्षणे दिसू लागल्यावर रेबीज जवळपास नेहमीच जीवघेणा ठरतो. म्हणून प्राणी चावताच जखम साबण आणि वाहत्या पाण्याने 15 मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी लस सुरू करावी.

उपाय: एक एक पायरी

या भीतीवरचा सर्वांत परिणामकारक उपचार म्हणजे तिला थोड्या थोड्या प्रमाणात सामोरे जाणे. प्रत्येक पायरीवर भीतीला 0 ते 10 असे गुण द्या. गुण निम्म्यावर येईपर्यंत त्याच पायरीवर थांबा, मगच पुढे जा.

1. तलावाच्या काठावर बसून इतरांना पोहताना पाहणे
2. पाय पाण्यात सोडून बसणे
3. प्रशिक्षकासोबत, कठडा धरून कमरेइतक्या पाण्यात उभे राहणे
4. तोंड पाण्यात घालून बुडबुडे काढणे
5. प्रशिक्षकाच्या आधाराने पाठीवर तरंगणे
6. हळूहळू आधार कमी करणे

धडधड वाढली तर नाकाने श्वास घ्या आणि तोंडाने सावकाश सोडा. आठवड्यातून एकदा तासभर जाण्यापेक्षा तीन-चार वेळा थोडा थोडा सराव बरा. एखाद्या दिवशी मागे यावे लागले तर आधीच्या पायरीवरून पुन्हा सुरुवात करा. माझे स्वतःचे पहिले दोन आठवडे दुसऱ्या पायरीवरच गेले. चेहरा पाण्यात घालायला दीड महिना लागला.

ऑलिम्पिकमध्ये 23 सुवर्णपदके जिंकणाऱ्या मायकेल फेल्प्सलाही लहानपणी चेहरा पाण्यात घालायला आवडत नसे. त्यामुळे तो आधी पाठीवर पोहायला शिकला. भीतीला वळसा घालून केलेली सुरुवातही सुरुवातच असते.

पालकांनी काय करावे?

- मुलाला ढकलू नका, भित्रा म्हणून चिडवू नका, भावंडांशी तुलना करू नका.
- ‘सोडणार नाही’ असे सांगून हात सोडू नका. एकदा तुटलेला विश्वास परत मिळवायला फार वेळ लागतो.
- छोट्या प्रगतीचेही कौतुक करा.
- पाण्याजवळ मुलावरची नजर क्षणभरही हटवू नका. घरातल्या बादलीतही लहान मूल बुडू शकते.

सुरुवात करण्यापूर्वी

फिट्स, हृदयविकार, दमा किंवा कानाच्या पडद्याला छिद्र असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. भीती घालवण्यासाठी दारू किंवा झोपेची गोळी घेऊन पाण्यात उतरणे जीवावर बेतू शकते. सराव नेहमी जीवरक्षक असलेल्या तलावातच करा. विहीर, नदी किंवा समुद्रात नको.

डॉक्टरांना कधी भेटावे?

अंघोळ किंवा केस धुणेही टाळले जात असेल, पाण्याच्या विचारानेच घाबरल्याचे झटके येत असतील, जुन्या अपघाताची स्वप्ने पडत असतील किंवा सरावानंतरही फरक पडत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञांची मदत घ्या. टेली मानस या सरकारी हेल्पलाइनवर 14416 या क्रमांकावर मोफत बोलता येते.

भीती वाटणे हा कमकुवतपणा नाही. भीती वाटत असतानाही उद्या पुन्हा काठावर जाऊन बसणे, यालाच जिद्द म्हणतात.