रंगद्रव्य सौरघट आणि सोन्याचांदीचे नॅनोकण

रंगद्रव्य सौरघटाचे मूळ छायाचित्रणात आहे. चांदीच्या क्षारांचा थर दिलेली काच निळ्या-जांभळ्या प्रकाशालाच दाद देत असे. तिच्यात योग्य रंग मिसळला तर ती हिरवा प्रकाशही टिपते, असे १८७३ मध्ये बर्लिनच्या हेर्मान फोगेल यांना आढळले. १८८७ मध्ये व्हिएन्नात जेम्स मोझर यांनी एरिथ्रोसिन हा रंग वापरून विद्युतघटातही हाच गुण दाखवला. पुढची शंभर वर्षे मात्र गुळगुळीत पृष्ठभागाची अडचण आड आली. त्यावर रंगाचा रेणूभर जाडीचाच थर उपयोगी पडतो आणि तेवढ्याने प्रकाश फारसा शोषला जात नाही.

ही कोंडी १९९१ मध्ये स्वित्झर्लंडमधील लोझान येथे ब्रायन ओ'रेगन आणि मिखाएल ग्रेट्झेल यांनी फोडली. टायटॅनियम डायऑक्साइडच्या अतिसूक्ष्म कणांचा सच्छिद्र थर त्यांनी रंगवला. थराची जाडी जेमतेम १० मायक्रोमीटर होती, पण कणाकणावर रंग बसल्याने कार्यक्षमता ७ टक्क्यांवर गेली. रंगाचा रेणू प्रकाश शोषून इलेक्ट्रॉन थराला देतो आणि द्रावणातील आयोडाइड त्याची भरपाई करते. तरीही तांबडा प्रकाश बराचसा निसटतच राहिला. थर जाड करावा, तर लांबच्या वाटेत इलेक्ट्रॉन गळतात.

इथे धातूचे कण कामी आले. सोन्याच्या सूक्ष्म कणांनी द्रावण माणकासारखे लाल दिसते, हे मायकेल फॅरडे यांनी १८५७ मध्येच अभ्यासले होते. प्रकाश पडताच कणातील इलेक्ट्रॉन एकत्र हेलकावतात आणि कणाच्या अगदी लगत प्रकाशाचे क्षेत्र तीव्र होते. तिथला रंगाचा रेणू मग जास्त प्रकाश शोषतो. चांदीच्या कणांमुळे सौरघटातील रुथेनियम रंगाचे शोषण वाढते, हे १९९७ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवले.

पण उघडा धातू घटाच्या मुळावर येतो. आयोडाइडच्या द्रावणात चांदी झिजते, शिवाय थरातले इलेक्ट्रॉन धातूवाटे द्रावणात परततात. म्हणून या संशोधनाचा खरा इतिहास कणांवरच्या कवचाचा आहे. कवच जाड झाले तर तीव्र क्षेत्र रंगापर्यंत पोचत नाही. पातळ आणि फटीचे राहिले तर धातू उघडा पडतो. २०११ मध्ये ऑक्सफर्डमध्ये सिलिकाचे कवच दिलेले सोने, तर एमआयटीत टायटॅनियम डायऑक्साइडचे कवच दिलेली चांदी वापरली गेली. एमआयटीच्या प्रयोगात कार्यक्षमता ७.८ वरून ९ टक्क्यांवर गेली, तीही पातळ थरातून.

वाढीचे सारे श्रेय प्रकाशाच्या एकवटण्याला देणे मात्र चूक ठरले. २०१२ मध्ये अमेरिकेतील नोत्र दाम विद्यापीठात प्रशांत कामत यांच्या गटाने दोन्ही कवचांची तुलना केली. सिलिकाखालच्या सोन्याने विद्युतप्रवाह वाढवला. टायटॅनियम डायऑक्साइडखालच्या सोन्याने मात्र इलेक्ट्रॉन साठवून व्होल्टता वाढवली. मूळ ९.२९ टक्क्यांची कार्यक्षमता अनुक्रमे १०.२१ आणि ९.७८ टक्के झाली.