हुंबो : गुरचरणावर पुन्हा उभे राहिलेले देशी वन

दक्षिण इथिओपियातील वोलाइता प्रदेशात हुंबो हा तालुका आहे. तेथील डोंगरउतारांवर एकेकाळी देशी वृक्षांचे वन होते. सरपण व कोळशासाठी झालेली तोड आणि अनिर्बंध चराई यांमुळे हे उतार उघडे पडले. पावसाबरोबर माती वाहून जाऊ लागली. वर्ल्ड व्हिजन या ख्रिस्ती सेवासंस्थेने जागतिक बँकेच्या साहाय्याने २००६ साली येथील २,७२८ हेक्टर भूमीवर वन पुनरुज्जीवनाचे कार्य हाती घेतले.

पद्धती : तोडलेल्या वृक्षांचे खुंट जमिनीत जिवंत होते. त्यांना दरवर्षी धुमारे फुटत. परंतु गुरे ते खाऊन टाकीत. म्हणून प्रथम चराई बंद करण्यात आली. नंतर प्रत्येक खुंटावरील सशक्त फुटवे राखून उरलेले छाटण्यात आले. रोपांची लागवड अल्प भागातच करावी लागली. ही पद्धती टोनी रिनॉडो या ऑस्ट्रेलियन कृषितज्ज्ञाने १९८० च्या दशकात नायजरमध्ये विकसित केली. त्यांना २०१८ साली राइट लाइव्हलीहुड पुरस्कार प्राप्त झाला.

कार्बन क्रेडिट : वृक्षांनी हवेतून शोषलेल्या एक टन कार्बन डायऑक्साइडबद्दल एक क्रेडिट मिळते. कार्य न केल्यास जी वाढ आपोआप झाली असती, ती यातून वजा केली जाते. डिसेंबर २००९ मध्ये क्योटो कराराखाली या प्रकल्पाची नोंदणी झाली. तीस वर्षांत सुमारे ८,८०,००० टन शोषण अपेक्षित धरण्यात आले. त्यापैकी १,६५,००० टनांची खरेदी जागतिक बँकेच्या बायोकार्बन निधीने मान्य केली. वन जळू शकते वा तोडले जाऊ शकते, या कारणास्तव ही क्रेडिट्स तात्पुरत्या स्वरूपाची होती. मुदत संपताच खरेदीदाराला त्यांऐवजी दुसरी घ्यावी लागत.

ग्रामस्थांचा वाटा : महाराष्ट्रात हिवरे बाजारमुळे चराईबंदी व कुऱ्हाडबंदी हे शब्द सुपरिचित आहेत. अशा बंदीचा भार प्रथम गरीब पशुपालकावरच पडतो. क्रेडिटचे पैसे मात्र वाढ मोजल्यानंतर येतात. हुंबोत हे अंतर दोन उपायांनी भरून काढण्यात आले. गवत कापून घरी नेण्याची व छाटणीचे सरपण घेण्याची मुभा होती. शिवाय सात सहकारी संस्थांना भूमीच्या वापराचे कायदेशीर हक्क देण्यात आले. क्रेडिटच्या उत्पन्नातून धान्यकोठार व पिठाची गिरणी यांसारखी सामाईक कामे झाली.

वनाची राखण तीच माणसे करतात, ज्यांना त्यातून काही मिळते. म्हणून अशा कोणत्याही योजनेत किती टन कार्बन साठला, याआधी चराई सोडणाऱ्यांच्या नावे कोणता हक्क नोंदला गेला, हे पाहणे अगत्याचे ठरते.