साम्राज्यस्मृती आणि परराष्ट्रधोरण : पोर्तुगाल

हातचे गेलेले वैभव अजून आपलेच आहे असे मानून परराष्ट्रधोरण आखण्याची प्रवृत्ती. आंतोनियु द ऑलिव्हेरा सालाझार (1889–1970) यांच्या राजवटीतील पोर्तुगाल हे तिचे ठळक उदाहरण असून तिची थेट झळ गोव्याला बसली.

पूर्वेकडील बहुतेक ठाणी सतराव्या शतकात डचांनी बळकावली, 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, 1822 मध्ये ब्राझील फुटून निघाला. अंगोला ते मोझांबिक असा सलग पट्टा मिळवण्याचा बेत 1890 मध्ये ब्रिटनने दम भरल्यावर सोडावा लागला आणि तो अपमान पोर्तुगीज राष्ट्रवादात मुरला. 1934 च्या पोर्तू येथील वसाहत प्रदर्शनाच्या निमित्ताने निघालेल्या एका नकाशात अंगोला, मोझांबिक युरोपवर पसरून दाखवले होते. ‘पोर्तुगाल हा लहान देश नाही’ हे त्याचे शीर्षक.

1951 च्या घटनादुरुस्तीने वसाहती ‘सागरापलीकडील प्रांत’ ठरल्या. प्रांत देशाचाच, मग वाटाघाटी कशाच्या, असा पवित्रा लिस्बनने घेतला. फ्रान्सने 1954 मध्ये बोलणी करून पाँडिचेरीचा ताबा भारताला दिला. त्याच वर्षी दादरा-नगरहवेली हातची गेली तेव्हा पोर्तुगालने आंतरराष्ट्रीय न्यायालय गाठले. 1960 च्या निकालात खाजगी व्यक्ती, मुलकी अधिकारी आणि माल यांचा मार्गाधिकार मान्य झाला, सैन्याचा नाही. भारताने कर्तव्यभंग केल्याचेही न्यायालयाने मानले नाही.

डिसेंबर 1961 मध्ये भारतीय सैन्य गोव्याच्या सीमेवर उभे असताना सालाझारांनी गव्हर्नर जनरल व्हासालू इ सिल्व्हा यांना शरणागती न पत्करता शेवटपर्यंत लढण्याचा आदेश दिला. एका स्मृतीसाठी हजारो माणसांचे प्राण पणाला लावणारा हा आदेश निर्दयच होता. गव्हर्नरांनी तो पाळला नाही. 19 डिसेंबरला ते शरण आले आणि पुढे लष्करातून बडतर्फ झाले. त्याच वर्षी अंगोलात पेटलेले वसाहतयुद्ध गिनी व मोझांबिकमध्ये पसरले. त्याला विटलेल्या लष्करी अधिकाऱ्यांनी 25 एप्रिल 1974 रोजी राजवट उलथवली. तोवर गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व लिस्बनने मानलेच नव्हते. 31 डिसेंबर 1974 च्या करारात ते मान्य झाले.

लोकशाही पोर्तुगालने साम्राज्याची जागा भाषेला दिली. 1996 मध्ये पोर्तुगीजभाषक देशांचा समुदाय स्थापन झाला. मुक्तीपूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना व त्यांच्या वंशजांना नागरिकत्वाचा मार्ग खुला राहिला. त्या आधारे पोर्तुगीज पासपोर्ट घेऊन अनेक गोवेकर ब्रिटनमध्ये कामाला गेले.