आज्ञार्थ आणि उत्तरदायित्व

१९६६ साली उर्सुला ले ग्विन यांची 'रोकॅनन्स वर्ल्ड' ही कादंबरी प्रसिद्ध झाली. ताऱ्याताऱ्यांमधील अंतर ओलांडून तत्क्षणी संदेश पोहोचवणाऱ्या एका यंत्राला त्यांनी तीत 'अ‍ॅन्सिबल' असे नाव दिले. 'आन्सरेबल' या इंग्रजी शब्दावरून घडवलेला हा शब्द. ज्यातून उत्तर मिळू शकते ते. पुढे २०१२ मध्ये मायकेल डीहान यांनी एका जागेवरून अनेक दूरस्थ संगणकांकडून कामे करवून घेणाऱ्या आपल्या प्रणालीला हेच नाव दिले. साहित्याच्या अभ्यासकाने थांबून पाहावे असा हा दुवा आहे.

संगणकाला दिलेल्या लेखी आज्ञेचा अर्थ लावणाऱ्या प्रोग्रामला 'शेल', म्हणजे कवच, हे नाव लुई पुझाँ यांनी १९६०च्या दशकाच्या मध्यास दिले. आज्ञांची यादी एकदा लिहून ठेवावी आणि यंत्राने ती क्रमाने पार पाडावी, ही सोयही त्यांनी एमआयटीत केली होती. आज्ञा दूरच्या यंत्राला देणे मात्र तेव्हा दूरच होते. २९ ऑक्टोबर १९६९ रोजी लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातून स्टॅनफर्ड संशोधन संस्थेच्या संगणकाकडे 'लॉगिन' हा शब्द धाडण्याचा प्रयत्न झाला. पहिली दोन अक्षरे पोहोचली आणि पलीकडची प्रणाली कोलमडली. पुढे आज्ञा पोहोचू लागल्या, तशा चोरूनही वाचल्या जाऊ लागल्या. हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठात पासवर्ड चोरीला गेल्यावर टाटू युलॉनेन यांनी १९९५ मध्ये 'एसएसएच' ही सुरक्षित वाट तयार केली. डीहान यांची प्रणाली मुख्यतः याच वाटेने जाते.

परंतु खरा प्रश्न व्याकरणाचा होता. 'ही ओळ जोड' ही आज्ञा दोनदा दिली, तर ओळ दोनदा जोडली जाते. एका यंत्रावर ही चूक डोळ्यांना दिसते. हजार यंत्रांवर ती कोण पाहणार? ऑस्लो येथील भौतिकशास्त्रज्ञ मार्क बर्जेस यांनी १९९३ मध्ये 'सीएफइंजिन' रचताना वेगळा मार्ग धरला. काय कर हे न सांगता काय असावे हे सांगायचे. 'ही ओळ तेथे असावी' असे म्हटले की यंत्र आधी पाहते आणि नसेल तरच जोडते. आपल्या परिभाषेत बोलायचे, तर आज्ञार्थाची जागा विध्यर्थाने घेतली. अ‍ॅन्सिबलही हाच मार्ग अनुसरते. तथापि त्यात 'कमांड' आणि 'शेल' अशी दोन दारे आज्ञार्थासाठी उघडी ठेवलेली आहेत. तेथून गेलेल्या आज्ञेचा हेतू प्रणालीला कळत नाही. वेगळे काही सांगून ठेवले नसेल, तर 'बदल झाला' एवढेच ती दरवेळी नोंदवते.

अशा आज्ञेचे मोल किती असू शकते, हे २८ फेब्रुवारी २०१७ रोजी दिसले. अमेझॉनच्या एका कर्मचाऱ्याने ठरलेल्या पद्धतीनुसारच, मोजके सर्व्हर काढण्यासाठी आज्ञा दिली. तीत एक नोंद चुकली. अपेक्षेपेक्षा कितीतरी अधिक सर्व्हर निघाले आणि असंख्य संकेतस्थळे काही तास विस्कळीत झाली. कंपनीने नंतर त्या साधनाचा वेगच कमी केला आणि त्याला मर्यादा घातल्या.

येथे एक योगायोग नोंदवावासा वाटतो. डीहान यांनी 'अ‍ॅन्सिबल' हा शब्द घेतला तो ऑर्सन स्कॉट कार्ड यांच्या १९८५ च्या 'एंडर्स गेम' या कादंबरीतून. तिच्यातील मुलगा याच यंत्राद्वारे दूरवरच्या युद्धनौकांना आदेश देतो. आपण परीक्षेतील खेळ खेळत आहोत, असे त्याला वाटत असते. एक ग्रह नष्ट झाल्यावर त्याला कळते की नौका खऱ्या होत्या आणि ग्रहही खरा होता.

अंतर आज्ञा सोपी करते, कारण परिणाम नजरेआड राहतो. ले ग्विन यांनी शब्द घडवताना उत्तराचा विचार केला होता. मराठीत तर 'उत्तर' आणि 'उत्तरदायित्व' यांचे मूळच एक आहे. दूरच्या यंत्राकडून उत्तर मिळवण्याची सोय अर्धशतकाच्या खटपटीने झाली. उत्तर देण्याचे दायित्व मात्र आजही आज्ञा लिहिणाऱ्याकडेच आहे.